फवारणीच्या दिवशी शाळेत असलेली मुले: नोंद कशाची ठेवावी आणि किती वर्षे?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. आमची अंगणवाडी जिल्हा परिषद शाळेच्याच आवारात भरते. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात शाळेच्या धुऱ्याला लागून असलेल्या वावरात पऱ्हाटीवर फवारणी चालू होती. वारा फिरला आणि औषधाचा फवारा थेट वर्गांत आला. मुलांचे डोळे चुरचुरले, बऱ्याच जणांना उलट्या झाल्या, काहींना दरदरून घाम फुटला आणि लाळ गळू लागली. नऊ मुलांना ग्रामीण रुग्णालयात आणि त्यांपैकी दोघांना पुढे यवतमाळला न्यावे लागले. सगळी मुले बरी होऊन घरी आली. तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत. काही पालक साधा ताप आला तरी त्या दिवसाला दोष देतात. काही म्हणतात, झाले गेले विसरा. यादी केली तर मुलींची लग्ने जमायची नाहीत. मला वाटते की या मुलांकडे कोणीतरी लक्ष ठेवले पाहिजे. मी बारावी शिकलेली आहे. हे काम मला जमेल का? काय लिहावे, किती वर्षे लिहावे, कोणाला दाखवावे? काही पालक मुलांना नागपूरला नेऊन सगळ्या तपासण्या करून घ्यायच्या म्हणतात, ते योग्य आहे का?
– एक अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

उत्तर: ताई, हे काम तुम्हाला जमेल, आणि त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग तुमच्याइतका दुसऱ्या कोणाला जमणारही नाही. मात्र सुरुवात त्या नऊ मुलांपासून करू नका. त्या दिवशी आवारात जी जी मुले हजर होती त्या सर्वांची यादी आधी करा. ज्यांना उलट्या झाल्या त्यांची, ज्यांचे फक्त डोळे चुरचुरले त्यांची आणि ज्यांना काहीही झाले नाही त्यांचीसुद्धा. त्या तारखेचा शाळेचा हजेरीपट मुख्याध्यापकांकडे असेल, अंगणवाडीचा तुमच्याकडे असेल. आठवणीवर विसंबून यादी करू नका, कारण ज्याच्या घरी आज आजारपण आहे त्याला तो दिवस लख्ख आठवतो आणि ज्याचे मूल धडधाकट आहे तो म्हणतो की आमचा पोरगा त्या दिवशी बहुधा घरीच होता. अशा यादीवरून पुढे कोणताही डॉक्टर काही ठरवू शकत नाही. कोण आजारी पडले हे पुढेही कळत राहील. कोण हजर होते हे सांगणारा कागद एकदा रद्दीत गेला की ते कायमचे अंधारात जाते.

या यादीत आणखी काही नावे हवीत. शिक्षक आणि खिचडी शिजवणाऱ्या बाई तर हव्यातच, पण त्या दिवशी आहार घ्यायला किंवा वजन करायला आलेल्या गरोदर महिला विसरू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात १९९९–२००० मध्ये शेतमजूर वस्तीतील ६०१ गरोदर महिलांची नोंद करून त्यांच्या मुलांचा पुढे दोन दशकांहून अधिक काळ मागोवा घेण्यात आला. ज्या मातांच्या लघवीत गरोदरपणी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे ७ गुणांनी कमी आढळला. जन्मानंतर मुलांच्या स्वतःच्या शरीरात आढळलेल्या अंशांशी असा ठळक संबंध दिसला नाही. तो अभ्यास रोजच्या, थोड्या थोड्या संपर्काचा होता, एका दिवसाच्या अपघाताचा नव्हता. म्हणून तो आकडा जसाच्या तसा तुमच्या गावाला लावता येणार नाही. तरीही ज्या बाळांनी त्या दिवशी जगही पाहिले नव्हते, ती आज तुमच्याच अंगणवाडीत येत असतील, आणि त्यांची नावे यादीत नसतील तर नोंदवहीत पहिल्याच पानावर उणीव राहील.

नावापुढे त्या दिवसाची हकिकत लिहा. मूल कोणत्या वर्गात होते, खिडकीजवळ बसले होते की मैदानात खेळत होते, किती वेळ तेथे राहिले, कपडे बदलून अंघोळ कधी घातली, उलटी, घाम, लाळ, धाप, फिट यांपैकी काय काय झाले, दवाखान्यात नेले का, किती दिवस ठेवले. हे सर्व आई आणि वर्गशिक्षक अशा दोघांना वेगवेगळे विचारा आणि दोघांच्या उत्तरांत फरक असेल तर दोन्ही लिहून ठेवा. स्वतः निवाडा करू नका.

फवारलेले औषध कोणते होते हेही शोधावे लागेल. मुलांना घाम, लाळ आणि उलट्या झाल्या यावरून ते मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखे ऑर्गॅनोफॉस्फेट असण्याची दाट शक्यता वाटते, पण लक्षणांवरून केलेला अंदाज नोंदवहीत वस्तुस्थिती म्हणून जाता कामा नये. वावराच्या मालकाशी भांडायला म्हणून न जाता, मुलांच्या उपचारासाठी हवे आहे असे सांगून, कृषी केंद्राची पावती किंवा जुनी बाटली मिळते का पाहा. लेबलवरचे तांत्रिक नाव, त्याचे प्रमाण आणि चौकोनातील त्रिकोणाचा रंग, म्हणजे लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे उतरवून घ्या. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली असतील तर सगळ्यांची नावे लिहा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे तुमच्या भागात कोणी विसरलेले नाही. त्या वेळीही अनेकांनी एकाहून अधिक औषधे मिसळलेली होती, त्यामुळे पंपात नेमके काय होते हा उपचार करणाऱ्यांपुढचा मोठाच प्रश्न होता.

बारावी शिकलेल्या बाईला हे जमेल का, असे तुम्ही विचारले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम उभे केले आणि तुलनेसाठी ४७ गावांची नोंद ठेवली. बाळाचे वजन, ताप आणि श्वासाची गती टिपणाऱ्या त्या आरोग्यदूत गावातल्याच थोडेफार शिकलेल्या स्त्रिया होत्या. त्या नोंदींच्या आधारे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे मांडता आले. ठरलेली गोष्ट ठरलेल्या पद्धतीने, न चुकता लिहिणे हेच या कामाचे शिक्षण आहे, आणि दर महिन्याला पोषण ट्रॅकरवर वजन-उंची भरताना तुम्ही ते घेतलेलेच आहे.

'मुले बरी होऊन घरी आली' यावर थांबणे का योग्य नाही, हे जपानमधील एका घटनेवरून समजते. १९५५ च्या उन्हाळ्यात तेथील मोरिनागा कंपनीच्या दूध पावडरीत आर्सेनिक मिसळले गेले. १२ हजारांहून अधिक तान्ही बाळे आजारी पडली आणि १३० दगावली. वाचलेल्या मुलांची तपासणी होऊन ती बरी झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि पुढे त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. आया सांगत राहिल्या की लेकराचे काहीतरी बिघडले आहे, आणि त्यांचे म्हणणे कोणी मानले नाही. अखेर १४ वर्षांनी, १९६९ मध्ये, ओसाकातील प्राध्यापक हिरोशी मारुयामा यांच्यासह शाळेतील आरोग्यशिक्षिका आणि परिचारिका घरोघर गेल्या, प्रत्येक आईचे म्हणणे लिहून घेतले, आणि अनेक मुलांना अपंगत्व व दीर्घकाळचे आजार असल्याचे उघडकीला आणले. त्यातूनच १९७४ मध्ये या मुलांच्या आयुष्यभराच्या काळजीसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. मला या हकिकतीत सर्वांत जास्त लागते ते मधल्या १४ वर्षांचे मौन. मुले शाळेत जात होती, शिक्षक त्यांना रोज पाहत होते, आणि तरी कोणाच्याही वहीत एकत्र नोंद नव्हती.

आता दर खेपेला काय पाहावे ते सांगतो. सहा महिन्यांतून एकदा, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, प्रत्येक मुलाची उंची आणि वजन एकाच काट्यावर, एकाच पट्टीवर घ्या. दर वेळी काटा बदलला तर मूल वाढले की काटा चुकला हे कळणार नाही. गेल्या सहा महिन्यांत आजारपणामुळे शाळा किती दिवस बुडाली, दवाखान्यात राहावे लागले का, फिट आली का, धाप किंवा घरघर होते का, हातापायांना मुंग्या येतात का, हे आईला विचारा. प्रश्नाचे शब्द दर वेळी तेच ठेवा. 'फवारणीपासून काही त्रास होतो का?' असे कधीही विचारू नका, कारण त्या प्रश्नातच उत्तर दडलेले असते. शाळेच्या व्हरांड्यात खडूने एक सरळ रेघ ओढा आणि मुलाला तिच्यावरून आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला सांगा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील काही औषधांमुळे विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायांतल्या नसा दुबळ्या होऊ शकतात. अशा मुलाला टाचांवर चालताना पाऊल वर धरता येत नाही. असे मूल आढळले तर पुढच्या फेरीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

लक्ष आणि स्मरणशक्ती यांकडेही पाहावे लागेल. निकाराग्वात अशा विषबाधेतून बऱ्या झालेल्या शेतमजुरांची सुमारे दोन वर्षांनी चाचणी घेतली, तेव्हा लक्ष एकाग्र करणे आणि लक्षात ठेवणे यांत ते इतरांपेक्षा मागे पडलेले आढळले. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ती प्रौढ माणसे होती आणि त्यांना झालेली विषबाधा तीव्र होती. तुमच्या मुलांची वेगळी परीक्षा घेण्याची गरज नाही. पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण शाळेत असतातच, ते त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही उतरवून घ्या. आधीचे गुण फार मोलाचे आहेत, कारण मूल पूर्वी कसे होते हे सांगणारा तेवढाच लेखी पुरावा तुमच्याकडे आहे.

तुलनेवाचून मात्र या सगळ्याला अर्थ नाही. त्या दिवशी गैरहजर असलेली मुले आणि जवळच्या एखाद्या गावातील त्याच वयाची मुले यांचीही अशीच नोंद ठेवायला हवी. शेजारच्या सेविकेला सोबत घेतले तर ते होईल. आपल्या भागात अशक्तपणा, सांधेदुखी आणि वरचेवर आजारी पडणे यांमागे सिकलसेल असू शकतो, रक्तक्षय असू शकतो, आणि ती दुखणी फवारणी झाली नसती तरी आलीच असती. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानही चालू आहे; यादीतील ज्या मुलांची ती झालेली नाही त्यांची आधी करून घ्या. शिवाय विषाचा संपर्क त्या एका दिवसापुरताच होता असेही नाही. मूल हंगामात आईबरोबर वावरात जाते का, फवारणीचा पंप घरच्या हौदाजवळ धुतला जातो का, औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरतात का, हे लिहिले नाही तर रोजच्या विषाचा दोष त्या एका दिवसावर जाईल आणि रोजचे विष तसेच चालू राहील. घरी गेल्यावर हे डबे दिसले तर ते चेचून निकामी करायला तेथेच सांगा. नोंद पूर्ण होईपर्यंत वाट पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

नागपूरला नेऊन सगळ्या तपासण्या करण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लक्षण नसलेल्या मुलाला नेऊ नका. विषबाधा झाली का हे दाखवणारी कोलिनेस्टरेज ही रक्तचाचणी पहिल्या दिवसांत उपयोगी असते. तीन-चार महिन्यांत ते प्रमाण पूर्ववत होते आणि लघवीतील अंश तर काही दिवसांतच निघून जातात. आज रक्त तपासून दोन वर्षांपूर्वीचे काहीही कळणार नाही, पालकांचे पैसे मात्र जातील. सरसकट तपासणीचा दुसराही धोका आहे. फुकुशिमा अणुअपघातानंतर २०११ पासून तेथील १८ वर्षांपर्यंतच्या सुमारे ३ लाख ६० हजार मुलांच्या थायरॉइडची सोनोग्राफी करण्याचे ठरले. त्यात अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक गाठी सापडल्या, पण त्या किरणोत्सर्गामुळे वाढलेल्या नसून अतिसूक्ष्म तपासणीमुळे दिसल्या, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने काढला. तोवर अनेक मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ज्या मुलाला फिट येते, ज्याचे पाऊल लटके पडते, जे शिकलेले विसरू लागले आहे, त्याची तपासणी अवश्य व्हावी. आणि ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विनाशुल्क होऊ शकते. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पुढच्या भेटीआधी तुमची यादी तयार ठेवा आणि डॉक्टरांना सांगा की ही मुले वेगळ्या नजरेने पाहायची आहेत.

मुलींच्या लग्नाची चिंता खोटी नाही, तिची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या तरुण-तरुणींना स्थळे नाकारली गेली आणि अनेकांनी आपण तेथे होतो हे आयुष्यभर लपवले. पण त्याच शहरांत १९४८ ते १९५४ या काळात जन्मलेल्या सुमारे ७७ हजार बाळांची पद्धतशीर नोंद झाली, आणि वाचलेल्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले दिसले नाही. किरणोत्सर्ग आणि कीटकनाशक यांची बरोबरी करू नये हे खरे. तरी अफवेला तोंड द्यायला नोंद हाच आधार असतो, हे पालकांना सांगण्यासारखे आहे. त्यांची भीती राहू नये म्हणून दोन वह्या करा. एकीत फक्त क्रमांक आणि माहिती: 'क्र. १४, मुलगी, तेव्हा वय ७, दुसरीचा वर्ग, खिडकीजवळ, दोन उलट्या, दवाखान्यात नेले नाही.' दुसरीत क्रमांक आणि नाव. ही दुसरी वही मुख्याध्यापकांच्या कुलपात राहील, ग्रामसभेत वाचली जाणार नाही आणि तिचा फोटो कोणाच्याही मोबाइलमध्ये जाणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सर्वांसमक्ष ठरवा. ज्या पालकांना नाव नको असेल त्यांचे नाव घेऊ नका. उद्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने यावर संशोधन करायचे ठरवले, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिशास्त्र समितीची परवानगी, पालकांची संमती आणि सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकार त्यांना घ्यावा लागेल. ते न घेता कोणी वही मागितली तर देऊ नका.

किती वर्षे, या प्रश्नाला मी किमान शाळा संपेपर्यंत, आणि गर्भात असलेल्या बाळांसाठी ती १८ वर्षांची होईपर्यंत असे म्हणेन. एवढा काळ खरी अडचण लिहिण्याची येत नाही, माणसे हरवण्याची येते. भोपाळमध्ये वायुगळतीनंतर १९८५ मध्ये ८० हजारांहून अधिक बाधितांची नोंद करून अभ्यास सुरू झाला, पण वर्षागणिक लोक वस्ती सोडून गेले, यादीतील माणसे निसटत गेली आणि १९९४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ते काम थांबवले. तुमच्या गावातही दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर, ऊसतोडीला जातात. पोडावरची, तांड्यावरची मुले मधूनच आश्रमशाळेत जातात. मुलगी सासरी गेली की आडनाव बदलते, कधी पाळण्यातले नावही बदलते. म्हणून प्रत्येक नावापुढे आईचे नाव, दाखल-खारीज रजिस्टरचा क्रमांक, जन्मतारीख आणि गावातच राहणाऱ्या एका नातेवाइकाचा, शक्यतो मामाचा किंवा आजीचा, फोन नंबर लिहा. तुमचीही उद्या बदली होईल किंवा निवृत्ती येईल. आशाताई, आरोग्यसेविका आणि एक शिक्षक यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आणि दर वर्षी क्रमांकाच्या वहीची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. मुलाचे जे आढळेल ते त्याच्या घरी आधी सांगा. वरच्या कार्यालयात अहवाल गेला आणि आईला कळलेच नाही, असे होऊ नये.

नुकसानभरपाईचा विषय निघाला तर या वहीच्या भरवशावर कोणालाही शब्द देऊ नका. ते काम वेगळ्या कागदांचे आहे.

त्यांपैकी एका कागदाची मात्र घाई आहे. दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवण्याचे आणि रुग्णाने किंवा पालकाने मागितल्यावर ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने घातलेले आहे. तुमच्या घटनेला दोन वर्षे झाली आहेत. त्या नऊ मुलांच्या पालकांकडून या महिन्यातच ग्रामीण रुग्णालयात अर्ज द्या आणि यवतमाळला नेलेल्या दोघांसाठी तेथेही वेगळा अर्ज करा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ततपासणीचे अहवाल आणि अॅट्रोपीन (या विषबाधेवरचा उतारा) दिल्याची नोंद यांच्या प्रती मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, आणि मिळालेल्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढून एक संच पालकांकडे व एक शाळेच्या कुलपात ठेवा.